घोडा कोणी तयार केला?

५ एप्रिल २०२५ रोजी इंग्लंडात लिव्हरपूलजवळच्या रेसकोर्सवर ग्रँड नॅशनल ही घोड्यांची अडथळ्यांची शर्यत झाली. सुमारे ६.९ किलोमीटरचा पल्ला, तीस अडथळे, चौतीस घोडे. विली मलिन्स या आयरिश ट्रेनरचे घोडे पहिले, दुसरे आणि तिसरे आले, आणि पहिल्या सातांत त्याचे पाच होते. जिंकलेल्या निक रॉकेटवर त्याचाच मुलगा पॅट्रिक होता, तोही हौशी जॉकी. त्याच शर्यतीत सेलेब्र दालें नावाचा तेरा वर्षांचा घोडा अखेरच्या टप्प्यात कोसळला आणि काही दिवसांनी मेला. शेवटून दुसऱ्या अडथळ्यानंतर घोड्यात काही उरलेलं नाही हे दिसत असूनही जॉकी पळवत राहिला, असं ठरवून पंचांनी त्याला दहा दिवसांची बंदी घातली.

या दोन्ही बातम्यांत घोडा कोणाच्या तबेल्यातला, कोणी तयार केला, हे शोधायला कुणाला तपास करावा लागला नाही. ते शर्यतीच्या कार्डावर घोड्याच्या नावाखालीच छापलेलं असतं.

आता आपल्याकडे या. पूर्व द्रुतगती महामार्गावर पहाटे चोरून होणाऱ्या घोडागाडी शर्यतींचे व्हिडिओ अधूनमधून फिरतात. दोन हलक्या गाड्या, बाजूने हॉर्न वाजवत जाणाऱ्या मोटारसायकली, मागे बसून चित्रण करणारे. कधी पोलीस पकडतात. गुन्हा नोंदवला जातो तो हातात लगाम असलेल्यावर, फार तर गाडीमालकावर. घोडा कोणी तयार केला हे कोणी विचारत नाही, कारण फॉर्मवर तो रकानाच नसतो. इथेच घोडं पेंड खातं.

१८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीचा कायदा वैध ठरवला. त्यानंतर घोडागाडीलाही तशीच मोकळीक का नको, असा सूर निघणं साहजिक होतं. दुसऱ्या बाजूला प्राणिमित्रांची मागणी सरसकट बंदीची. ठाणे-रायगडातला वाद या दोन टोकांमध्ये अडकून बसला आहे, आणि दोन्ही बाजू एकाच गोष्टीवर बोलतात: शर्यत. माझं म्हणणं असं की शर्यत व्हावी की नाही हा नंतरचा प्रश्न. आधी घोडा तयार करणाऱ्या माणसाचं नाव सरकारदरबारी नोंदवा, त्याला परवाना द्या, आणि घोड्याचं जे होईल त्याबद्दल त्याला जबाबदार धरा. मालकी, जुगार, रहदारी हे सगळे विषय आहेतच. पण घोड्याचा पाय मोडणार हे ट्रॅकवर क्वचित ‘ठरतं’. ते आधीच्या दोन-तीन महिन्यांत ठरलेलं असतं.

घोड्याचा दम लवकर येतो, पाय उशिरा. बहुतेक घोळ यातून होतात. नियमित दुडकी आणि संथ कँटर (दुडकीपेक्षा जलद, भरधावपेक्षा हळू चाल) दिला तर सहा-आठ आठवड्यांत छाती सुधारते. विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ असणारे ठोके श्रमानंतर लवकर खाली यायला लागतात. स्नायू भरायला तीन-चार महिने. हाडाला त्याहून जास्त वेळ, कारण गुडघ्याखालचं नळीचं हाड वेगाचा ताण सोसून आपली जाडी आणि आकार बदलतं, आणि हा बदल होत असताना मधल्या काळात ते काहीसं कच्चंच असतं. नळीच्या मागून खुराकडे जाणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा) तर घोडा वयात आल्यावर फारशी सुधारतच नाही. ती फक्त जपायची असते. एकदा तिचे तंतू तुटले तर नऊ महिने ते वर्ष घरी बसवावं लागतं, आणि पुन्हा तुटतात ते अनेकदा त्याच जागी किंवा तिच्या आसपास.

मग होतं काय? आठव्या आठवड्यात घोडा अंगावर चमक धरतो, लगाम ओढायला लागतो, कान टवकारून पुढे पळू बघतो. नवशिक्याला वाटतं, तयार झाला. खरं तर त्या दिवशी घोड्याची छाती त्याच्या पायांच्या पुढे निघून गेलेली असते. नेमक्या त्याच आठवड्यात त्याला भरधाव सोडलं जातं आणि नळी पुढून सुजते, नाहीतर कंडरा जाते. जाणता ट्रेनर अशा वेळी घोड्याला मागे ओढतो. ग्रँड नॅशनलसारख्या शर्यतीत मलिन्सच्या पाच घोड्यांनी पहिल्या सातांत येणं म्हणजे कित्येक महिने पाच घोड्यांना योग्य दिवशी मागे ओढणं आणि योग्य दिवशी सोडणं. त्या बातमीत मला मोठं वाटलं ते हे. मुलाने जिंकल्याचे अश्रू वगैरे ठीक आहेत.

हे ‘मागे ओढणं’ अंदाजाने होत नाही, रोज सकाळी हाताने होतं. काम देण्याआधी, पाय धुवायच्याही आधी, गुडघ्याखाली दोन्ही पुढच्या पायांवरून पालथा हात फिरवायचा. पालथा एवढ्यासाठी की तिथली कातडी पातळ, उष्णता पटकन कळते. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर त्या दिवशी घोडा पळत नाही, एवढा साधा नियम. मग पाय उचलून बोटांच्या चिमटीत कंडरा वरून खाली चाचपायची: निरोगी असेल तर पेन्सिलीसारखी सरळ आणि घट्ट लागते, बिघडत असेल तर मध्येच केळ्यासारखी फुगलेली. खूर पालथा करून वास घ्यायचा; पावसाळ्यात ओल्या तबेल्यात तळातली मऊ त्रिकोणी गादी सडते आणि तो कुजका वास डोळ्यांच्या आधी नाकाला कळतो. शेवटी कडक, सपाट जागेवर तीसेक मीटर दुडकी, दोर सैल सोडून. पुढच्या पायाला दुखत असेल तर तो पाय जमिनीला टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगल्या पायावर खाली घालतो. मान ज्या पायावर खाली जाते तो पाय चांगला. पुष्कळ लोक नेमकं उलटं समजतात आणि धडधाकट पायाला लेप लावत बसतात.

या सगळ्याला मोजून दहा मिनिटं लागतात. रेसकोर्सवर हे घोड्याची देखभाल करणारा मोतद्दार करतो, ट्रेनर त्याच्याकडून ऐकतो, शंका आली की स्वतः हात लावतो. महामार्गावर पळणाऱ्या घोड्याच्या बाबतीत ही दहा मिनिटं कोणाची जबाबदारी आहे, हे कायद्याला माहीत नाही.

रस्त्याचंही तसंच. डांबर किंवा काँक्रीट नुसतं कठीण असतं म्हणून वाईट, एवढ्यावर लोक थांबतात. पळताना खूर जमिनीला टेकल्यावर किंचित पुढे सरकतो आणि त्या सरकण्यात धक्का जिरतो. गुळगुळीत लोखंडी नाल डांबरावर जास्तच सरकतो, घोडा घसरतो. म्हणून काहीजण नालाला टोकं लावून घेतात. आता खूर सरकतच नाही, जागीच रुततो, आणि जो धक्का जमिनीत जिरायचा तो वर चढतो: आधी खुरावरचा सांधा, मग नळी, मग गुडघा. घसरण्याचा धोका टाळायला गेला आणि सांधा गमावून बसला. त्यात गाडी. उड्डाणपुलाच्या चढावर घोडा ओढतो ते दिसतं; उतारावर गाडी त्याला मागून ढकलते ते दिसत नाही. शर्यतीच्या हलक्या गाडीला नीट ब्रेक नसेल आणि घोड्याच्या पुठ्ठ्यामागून जाणारा रोखपट्टाही नसेल, तर सगळं वजन आणि वेग थोपवायचा तो पुढच्या दोन पायांनी. माजिवडा असो की तुर्भे, आपल्याकडे उड्डाणपूल नसलेला सरळ लांब रस्ता आता उरलाय कुठे?

ज्या ठाणे जिल्ह्यात घोडबंदर आहे, अरबी घोडे उतरायचे म्हणून ज्या बंदराला ते नाव पडलं असं सांगतात, तिथे घोडा आज दिसतो तो वरातीत. लग्नसराईत घोडी तासन् तास ढोल-डीजेसमोर उभी, मग चार दिवस दावणीला. हाच घोडा रविवारी पहाटे शर्यतीला जुंपला तर काय होतं याला घोडेवाल्यांच्या जगात फार जुनी ओळख आहे. दोन-तीन दिवस सुट्टी, पण चंदी तेवढीच. हरभरा, भरडा सगळं पोटभर. मग एकदम कष्ट. पंधरा-वीस मिनिटांत पुठ्ठ्याचे आणि मांड्यांचे स्नायू लाकडासारखे ताठ होतात, घोडा पाऊल टाकेना, घामाने निथळतो, लघवी कॉफीच्या रंगाची. त्याला मारून चालवलं तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. टाळायचा उपाय फुकट आहे: सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी करा, चारा तेवढाच ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा तास चालवा. पण हे करायला कोणाच्या तरी डोक्यात आठवड्याचा हिशोब असावा लागतो.

हिशोब म्हटला की बार्ट कमिंग्सचं नाव घ्यावंच लागतं. ३२०० मीटरची मेलबर्न कप या ऑस्ट्रेलियन ट्रेनरने १९६५ ते २००८ या काळात बारा वेळा जिंकली. त्याचा ठोकताळा प्रसिद्ध आहे: कपाला उभं राहण्याआधी त्या हंगामात घोड्याच्या पायांत शर्यतींचे मिळून दहा हजार मीटर असले पाहिजेत. चौदाशे, सोळाशे, दोन हजार, पंचवीसशे अशी पायरी-पायरीने बेरीज करत जायचं. आकडा दहा हजारच का, यावर वाद घालता येईल आणि आजचे ट्रेनर त्याहून कमी शर्यतींवरही जिंकतात. मुद्दा असा की त्याच्याकडे वही होती. लांब पल्ल्याचं यश जॉकीच्या चाबकात शोधणाऱ्यांनी ती बेरीज एकदा करून बघावी.

दुसरं नाव जिंजर मॅकेन. हा साउथपोर्टचा, जुन्या मोटारी विकणारा, टॅक्सीही चालवलेली. तबेला शोरूमच्या मागे. १९७२ मध्ये त्याने सहा हजार गिनींना रेड रम घेतला आणि घोडा लंगडत होता. खुरातल्या हाडाला जुनाट दाह. मॅकेनकडे हिरवळीची लांबलचक मैदानं नव्हती, होता तो समुद्रकिनारा. थंड खारं पाणी आणि ओली वाळू यांत घोडा सुधारला आणि १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा ग्रँड नॅशनल जिंकला. मधल्या दोन वर्षी दुसरा. शंभर शर्यतींत एकदाही पडला नाही. ही कथा आपल्या किनाऱ्यावरच्या शर्यतींचे समर्थक हमखास सांगतील, म्हणून थोडं थांबून बघू. वाळू जादू करत नाही. भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू खोल असते, तीत खूर रुततो आणि कंडरेवर डांबरापेक्षाही जास्त ताण येतो. पाण्याला अगदी लागून असलेली वाळू ओहोटीनंतर काही ठिकाणी फरशीइतकी कडक. चालते ती मधली दमट पट्टी, जिच्यावर खुराचा ठसा एक-दीड बोट खोल उमटतो, आणि तीही खड्डे, काचा, जाळ्यांचे तुकडे पाहून घेतल्यावरच. मॅकेनला ती पट्टी ओळखता येत होती. शर्यत बघायला जमलेल्या गर्दीला ती ओळखता येण्याचं कारण नाही, आणि परवानगी देणाऱ्या कारकुनाला तर नाहीच. २०१४ ला पालघर वेगळा झाल्यापासून ठाणे जिल्ह्याकडे किनारा उरला तो उत्तनच्या बाजूचा जेमतेम. तेव्हा हा प्रश्न जास्त करून रायगडाचा, पण घोडे जातात इकडूनही.

कायदा काय मोजतो ते बघा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आजही. भारतीय न्याय संहितेचं २८१ वं कलम रस्त्यावर बेदरकार हाकण्याला लागतं, २९१ वं जनावराबाबतच्या निष्काळजीपणाला. दोन्ही त्या क्षणापुरती. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत: दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, आणि ३७ अंशांच्या वर तापमान असलेल्या भागात दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. वाचायला नियम चांगले. त्यांत आर्द्रतेचा शब्द नाही.

घोडा अंग थंड ठेवतो ते प्रामुख्याने घामाने, आणि घाम वाळला तरच थंडावा मिळतो. घोडेस्वारीच्या जगात एक ढोबळ बेरीज वापरतात: फॅरनहाइटमधलं तापमान अधिक आर्द्रतेचे टक्के. १३० च्या खाली असेल तर काळजी नाही, १५० च्या वर घाम वाळायला त्रास, १८० च्या वर घोडा पळवूच नये. नागपूरची दुपार घ्या: ४० अंश सेल्सियस म्हणजे १०४, आर्द्रता २०, बेरीज १२४. ठाण्यातली मे महिन्यातली संध्याकाळ घ्या: ३१ अंश म्हणजे ८८, आर्द्रता ७५, बेरीज १६३. नियमाने पहिली दुपार निषिद्ध आणि दुसरी संध्याकाळ बिनधोक. ऊन डोक्यावर असताना नागपुरात घोडा जुंपावा असं कोणी म्हणणार नाही, बेरीज काही उन्हाचा चटका मोजत नाही. पण खाडीकाठच्या दमट हवेत ‘ऊन उतरलं, आता चालेल’ हे वाक्य घोड्याच्या जिवावर उठतं, आणि ते नियमाला कळत नाही. ज्याला कळायला हवं तो घोडा तयार करणारा. तापलेल्या घोड्यावर थंड पाणी ओतलं तर तो आखडतो ही समजूत अजून घट्ट आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या अभ्यासांनी ती मोडीत काढली. अंगभर, थांबा न घेता, थंड पाणी ओतत राहायचं आणि मधूनमधून चालवायचं. गोणपाट टाकून झाकायचं नाही. घोड्याचा घाम आपल्यापेक्षा खारट असतो, त्यामुळे नुसतं पाणी पुरत नाही. बिनकामाच्या घोड्यालाही रोज ३० ते ५० ग्रॅम साधं मीठ लागतं, घाम गाळणाऱ्याला त्याहून बरंच जास्त.

आता जबाबदारी नावावर टाकल्याने काही बदलतं का, हा खरा आक्षेप. मेलबर्नचं उदाहरण त्यासाठी उपयोगी आहे. २०१४ च्या कपमध्ये अॅडमायर राक्ती हा घोडा शर्यतीनंतर ठाणावर कोसळून मेला, आणि त्याच दिवशी अराल्डो एका झेंड्याला बुजून कुंपणावर लाथ मारताना पाय मोडून घेऊन बसला. २०२० मध्ये अँथनी व्हॅन डाइक हा घोडा पळता पळता खुरावरचा सांधा मोडून गेला. दर वेळी ओरड झाली ती पल्ल्याविरुद्ध, चाबकाविरुद्ध, शर्यतीविरुद्ध. २०२१ पासून नियम बदलले: कपमध्ये पळणाऱ्या प्रत्येक घोड्याच्या पायांचं सीटी स्कॅन, बाहेरून येणाऱ्यांचं निघण्यापूर्वीच, आणि पशुवैद्यकांच्या समितीला घोडा बाद करण्याचा अधिकार. पल्ला होता तेवढाच ३२०० मीटर राहिला. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत कपमध्ये एकही घोडा दगावला नाही.

याची किंमतही बघितली पाहिजे. २०२४ मध्ये जान ब्रुगेल हा पैजांमध्ये आघाडीवर असलेला घोडा स्कॅनमुळे बाद झाला. त्याचा ट्रेनर एडन ओब्रायन भडकला; घोडा धडधाकट आहे असं त्याचं म्हणणं. पुढच्याच उन्हाळ्यात तो घोडा इंग्लंडात कोरोनेशन कप जिंकला. मग पशुवैद्यक चुकले का? असतीलही. अशा चुकीत एका घोड्याची एक शर्यत बुडते, उलट चुकीत घोडा. निवड करायला फार विचार लागू नये. ग्रँड नॅशनलनेही २०२४ पासून घोडे चाळीसवरून चौतीस केले, पहिला अडथळा साठ यार्ड अलीकडे आणला, सुरुवातीची वेळ लवकर केली. तरीही सेलेब्र दालें गेला. नियमांनी मृत्यू शून्यावर येत नाहीत. पण झाल्यावर कोणाला काय विचारायचं ते ठरलेलं असतं.

सीटी स्कॅन आपल्याकडच्या टांगेवाल्याला परवडेल का, असं कोणी विचारेल आणि ते बरोबरच आहे. म्हणून दुसऱ्या खेळाकडे बघा. एन्ड्युरन्स नावाच्या १६० किलोमीटरपर्यंतच्या स्पर्धांत मध्ये थांबे असतात. थांब्यावर ठरलेल्या वेळेत घोड्याचे ठोके मिनिटाला ६४ पर्यंत खाली यावे लागतात, पशुवैद्यक दुडकी बघतो, हिरड्या बघतो, पोटाला स्टेथोस्कोप लावून आतड्यांचा आवाज ऐकतो. पहिला आलेला घोडा या तपासणीत नापास झाला तर तो बाद. जिंकण्याची व्याख्याच अशी की पळून आलेला घोडा पुढे जायला लायक असला पाहिजे. याला लागतात दोन गोष्टी: स्टेथोस्कोप आणि सेकंद काटा असलेलं घड्याळ.

रेसकोर्सवर शर्यती भरवणाऱ्या आपल्या टर्फ क्लबांनाही यातून सूट नको. तिथे ट्रेनरला परवाना असतो आणि घोड्याच्या रक्तात बंदी असलेलं औषध निघालं तर ‘मोतद्दाराने दिलं असेल’ ही सबब चालत नाही, हे चांगलंच. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत कौशल्याचा खेळ ठरवली ती घोड्याच्या तयारीवर आणि जॉकीच्या कसबावर बोट ठेवून (कर मात्र जुगाराच्या पंगतीतला, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के). मग ते कौशल्य लोकांना दिसू द्या. रेसबुकात घोड्याचं वजन, पल्ला, मागचे निकाल सगळं असतं. या ट्रेनरचे किती घोडे गेल्या हंगामात जायबंदी होऊन बाहेर पडले, हा रकाना नसतो. मुंबईचे घोडे दर पावसाळ्यात पनवेलवरून बोरघाट चढून पुण्याला जातात, तिथे २८०० मीटरची इंडियन सेंट लेजर होते. महालक्ष्मीला २४०० मीटरची डर्बी. २०२४ मध्ये महालक्ष्मीच्या जमिनीची वाटणी झाली, १२० एकर उद्यानाला आणि ९१ एकर क्लबला, तेव्हा महिनोन् महिने चर्चा चालली ती एकरांची. घोडा त्यात आला नाही.

तेव्हा ठाणे आणि रायगडच्या प्रशासनाने सुरुवात शर्यतीपासून करू नये. जिल्हा पशुसंवर्धन विभागाकडे एक नोंदवही असावी: वरातीचा असो, किनाऱ्यावर फेऱ्या मारणारा असो की गाडीचा, प्रत्येक घोड्याला मायक्रोचिप आणि त्या क्रमांकापुढे तयार करणाऱ्याचं नाव. मालकाचं नाव वेगळं. परवान्यासाठी लेखी परीक्षा नको. वर सांगितलेली दहा मिनिटांची तपासणी त्याने अनोळखी घोड्यावर करून दाखवावी. मान कोणत्या पायावर खाली जाते हे ओळखता आलं नाही तर परवाना नाही. नालबंदांनाही याच नोंदीत आणा, कारण चार ते सहा आठवड्यांनी घोड्याचा खूर हातात घेणारा तोच.

याने चोरट्या शर्यतींना मान्यता मिळेल, अशी भीती आहे. उलट होईल असं मला वाटतं. आज पकडलेला हाकणारा दंड भरून सुटतो आणि घोडा दुसऱ्याच्या नावाने पुन्हा रस्त्यावर येतो. चिपमागे तयार करणाऱ्याचं नाव असेल तर महामार्गावर सापडलेल्या घोड्यामागे त्याचा परवाना जातो, आणि त्या परवान्यावर त्याचे वरातीचे चार घोडेही असतात. पोट त्यावर चालत असेल तर तो रविवारी पहाटे घोडा द्यायच्या आधी दोनदा विचार करेल. घोडा पडल्यावर गुन्हा नोंदवणं म्हणजे वरातीमागून घोडं, इथे अक्षरशः.

दुसरी भीती जास्त खरी आहे: प्रमाणपत्र विकलं जाईल. बैलांच्या बाबतीत सही-शिक्क्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून कागदावर भिस्त नको. तीस मीटर दुडकीचा व्हिडिओ, समोरून आणि बाजूने, सैल दोरावर, चिपचा क्रमांक वाचून दाखवत. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. असा व्हिडिओ शर्यतीच्या किंवा लग्नसराईच्या आधी एक आणि नंतर एक, आणि तो कोणालाही बघता यावा. लंगडा घोडा शिक्क्याने लपतो, व्हिडिओत लपत नाही. बघणारा हजार मैलांवर असला तरी मान हलताना दिसते.

आणि त्या वहीत एक रकाना असावा जो पशुवैद्यकाच्या आवाक्याबाहेरचा आहे, फक्त तबेल्यातल्या माणसालाच भरता येईल. लांब पल्ल्याच्या शर्यतीनंतर जुने ट्रेनर दुसऱ्या दिवशी पहाटे घोड्याच्या पायाआधी गव्हाणीत डोकावतात. रात्रीचं दाणा-वैरण चाटून साफ केलेलं असेल तर पुढचं बोलू. तळाला ओलसर दाणे तसेच राहिले असतील तर घोडा दमला त्यापेक्षा जास्त खचला आहे, आणि पुढचे कमीत कमी दहा दिवस त्याला फक्त चालवायचं. रकान्याचं नाव एवढंच: सकाळी किती उरलं.